दानबीच्या पापण्यांतले टाके

प्यो दानबी दुभाषी झाली ती वयाच्या सहाव्या वर्षी. तिची आई ओ मालसुन तीन वर्षांची असताना तापात सापडली होती, आणि ताप उतरला तेव्हा कान गेलेले होते. दानबीचे वडील ती रांगत असतानाच वारले. त्यामुळे बँकेच्या खिडकीशी, दवाखान्यात, घरमालकिणीच्या दारात आईच्या वतीने बोलायचं काम या पोरीवर आलं. चवड्यांवर उभी राहून ती खिडकीतल्या माणसाचं बोलणं ऐकायची आणि मागे वळून आईला हातांनी सांगायची. कधी एखादा शब्द अडला, की तो तोंडाने, डोळ्यांनी, सगळ्या अंगाने करून दाखवायची. आई सोलमधल्या क्वांगजांग बाजारात लग्नात घालायचे पारंपरिक रेशमी पोशाख, हानबोक, शिवायची. त्या दुकानाच्या मागच्या खोलीतच दानबीने अभ्यास केला, आणि मोठी झाल्यावर रीतसर परीक्षा देऊन खुणांच्या भाषेच्या केंद्रात नोकरीला लागली.

ऐकू येणाऱ्यांना वाटतं, ही भाषा नुसत्या हातांची आहे. पण तिचा अर्धा भार चेहऱ्यावर असतो. 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस का', दोन्हीला हात एकच. भुवया वर गेल्या, डोळे विस्फारले, की त्याचा प्रश्न होतो. दानबीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आई तिला पाळण्यात असल्यापासून वाचत आली होती आणि ती आईला.

दानबीचे डोळे वडिलांवर गेले होते. पापणीला घडी नाही, आणि वरची कातडी थेट केसांवर उतरलेली. लहानपणी तिचं काही वाटलं नाही. तिशी ओलांडली तशी ती कातडी आणखी खाली येऊ लागली. नीट दिसावं म्हणून दानबी नकळत भुवया उचलून धरायची. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. केंद्रात तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली सुग्यॉंग ताई एकदा चहा घेता घेता म्हणाली, "दानबी, हल्ली तू सांगत काहीच नाहीस गं, नुसतं विचारत असतेस." दानबी हसली आणि विसरून गेली.

मग चॉन आजोबांचं प्रकरण झालं.

चॉन आजोबा एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यभर सुतारकाम केलेले, जन्मापासून बहिरे आणि स्वभावाने भिडस्त. त्यांच्या मानेतल्या गाठीचा तपास झाला होता आणि निकाल ऐकायला दानबी त्यांच्याबरोबर गेली होती. सकाळपासून ते तिचं तिसरं इस्पितळ. डॉक्टर म्हणाले की गाठ साधी आहे, काळजीचं कारण नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. दानबीने जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि ते घरी गेले.

नऊ दिवसांनी त्यांची पुतणी केंद्रात आली. काका जेवत नाहीत म्हणाली. रंधे आणि पटाशा शेजाऱ्याला देऊन टाकल्या, बायकोच्या थडग्याशेजारची जागा साफ करून आले, आणि आता कपाटातले कपडे वाटायला काढलेत. डॉक्टर नक्की काय म्हणाले, एवढंच तिला हवं होतं.

दानबी त्याच पावली आजोबांकडे गेली. तिने पुन्हा एकदा, अगदी सावकाश, भुवया एका हाताने दाबून धरून दुसऱ्या हाताने सांगितलं: गाठ साधी आहे. तेव्हा कुठे आजोबांनी मन मोकळं केलं. त्या दिवशी त्यांना दिसलं होतं ते 'गाठ साधी असेल का? काळजीचं कारण नसेल का?' असं. डॉक्टरांनाच खात्री नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि मोठ्या माणसाला उलट विचारायचं नाही म्हणून ते गप्प राहिले होते. दानबीने गुडघे टेकून माफी मागितली. त्यांनी तिला उठवलं आणि वाळवलेल्या पर्सिमन फळांची थाळी पुढे सरकवली.

"तुझे हात बरोबर होते, पोरी," ते खुणांनी म्हणाले. "डोळे विचारत होते."

घरी येताना बसमध्ये दानबीने ठरवलं, की पापण्यांचं काहीतरी करायचंच.

पापणीला घडी पाडून घेणं सोलमध्ये काही नवलाचं नाही. परीक्षा संपली की पोरी जातात, सुट्टी संपेस्तोवर सूज उतरते. पण दानबीला सुंदर दिसायचं नव्हतं. तिला विधान करायचं होतं, आणि ते विधान म्हणूनच पोचायला हवं होतं. नदीच्या दक्षिणेकडच्या दोन मोठ्या दवाखान्यांत ती जाऊन आली. दोन्हीकडे सल्लागार बायांनी फोटोंची जाड वही पुढे ठेवली. पापणी कापून घडी उंच घ्यायची, आतला कोपराही थोडा उघडायचा, डोळे दीडपट दिसतील, असं त्यांचं म्हणणं. फोटोतल्या मुली देखण्या होत्या यात शंका नाही. पण दानबीला प्रत्येकीच्या चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य दिसत होतं. तिने विचारलं, यांचा डोळे मिटलेला फोटो आहे का, हसतानाचा आहे का. तसे फोटो कोणी काढलेच नव्हते.

घरी वेगळीच लढाई. आईला कळल्याबरोबर तिने हातातली सुई गादीत खोचली.

"ते तुझ्या बाबांचे डोळे आहेत," आई खुणांनी म्हणाली. "माझ्याकडे त्यांचे चार फोटो आहेत आणि तुझे डोळे आहेत."

"मला दिसत नाही गं आई त्यातून."

"शेजारच्या युनची मुलगी बघ. डोळे करून आल्यापासून ती रागावलीय की हसतेय, मला कळत नाही. तुझं तसं झालं तर मी कुणाशी बोलायचं?"

दानबीलाही तीच भीती होती. दोन महिने तो विषय घरात निघाला नाही. दानबी कपाळाला चिकटपट्टी लावून कामाला जाऊ लागली. भुवया वर गेल्या की पट्टी ओढ द्यायची आणि तिला भान यायचं.

तो विषय पुन्हा काढला तो आईनेच. दुकानात एक बाई मुलीच्या लग्नासाठी माप द्यायला आली होती, चाळिशीची. आई जन्मभर चेहरे वाचत आलेली. त्या बाईचे डोळे तिला फार बोलके वाटले. मापं घेता घेता ती बघत राहिली. बाईने ते ओळखलं आणि हसून पावतीच्या मागे लिहिलं, की हे अकरा वर्षांपूर्वी करून घेतलेत. आईला खरं वाटेना. तिने चष्मा लावून, परवानगी घेऊन, अगदी जवळून पाहिलं. बाईने डोळे मिटले तर पापणीवर रेघसुद्धा नव्हती. उघडले की बारीक घडी पडायची, कोपऱ्याकडे थोडी रुंद होत जाणारी. आईने त्याच पावतीवर डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं आणि रात्रीच्या जेवणाला ती पावती दानबीच्या वाटीशेजारी ठेवली.

"मी बरोबर येणार," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर योम साठीच्या होत्या. मापो भागात, औषधाच्या दुकानावर त्यांचा लहानसा दवाखाना. फोटोंची वही नव्हती. त्यांनी आधी दानबीला सगळं बोलू दिलं, चॉन आजोबांचंही. मग पापणीची कातडी दोन बोटांत धरून पाहिली, भुवई दाबून डोळे उघडायला लावले, बारीक तारेने पापणी दुमडून पाहिली. शेवटी त्या आईकडे वळून बोलल्या, आणि दानबी त्यांचं बोलणं हातांनी सांगत गेली. त्या म्हणाल्या, की कातडी पातळ आहे, आत चरबी नाही, डोळा उघडणारा स्नायूही चांगला आहे. कातडी फार झालेली नाही. घडी नाही म्हणून ती खाली घसरते. कापायला मी भीत नाही, जिथे लागतं तिथे कापते. इथे कारण दिसत नाही. केसाहून बारीक दोरा आतून घ्यायचा, तीन ठिकाणी टाके, गाठी आत दडवायच्या.

आईचे हात लगेच उठले. "पातळ रेशमाला चुणी घालताना मी तेच करते. जाड कापड असेल तर ती टिकत नाही, कापून शिवावं लागतं."

डॉक्टर योम म्हणाल्या, "अगदी तसंच आहे, आई. आणि चुणी पुढे सुटूही शकते, हेही तुम्हाला ठाऊक असेल. दहा वर्षं टिकेल, कुणाची आधीच सैल होते. तेव्हा पुन्हा घालता येते."

उंची किती ठेवायची हे मात्र त्यांनी ठरवलं नाही. पापणीला लावायच्या पारदर्शक पट्ट्या काढल्या, एका उंचीवर दोन्ही डोळ्यांना चिकटवल्या आणि मायलेकींना बाहेरच्या बाकावर जाऊन बोलायला सांगितलं. दानबीने आईला चार वाक्यं सांगितली आणि चार प्रश्न विचारले. आईने डोकं हलवलं. सगळंच घाबरल्यासारखं दिसत होतं. पट्टी थोडी खाली आली. आता बरं होतं, पण दानबी 'मी दमले' म्हणाली ते आईला 'मी रुसले' असं वाटलं. तिसऱ्यांदा पट्टी इतकी खाली आली की घडी जेमतेम दिसत होती. दानबीने सांगितलं, गाठ साधी आहे. आईने ते वाचलं. दानबीने विचारलं, गाठ साधी आहे का? आईने तेही वाचलं. मग तिने लेकीची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे फिरवला आणि कितीतरी वेळ पाहिला.

"हेच," ती म्हणाली. "बाबा यातून अजून दिसतायत."

ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. पापणी बधिर केली होती, दानबी जागी होती. मध्येच डॉक्टरांनी तिला उठवून बसवलं, डोळे उघडायला लावले, उजवीकडचा एक टाका सोडून पुन्हा घातला आणि मग गाठी मारल्या.

पुढचे दोन आठवडे मात्र कठीण गेले. डोळे सुजून वाटाण्याच्या शेंगेसारखे झाले, आणि डावी घडी उजवीपेक्षा वर दिसायला लागली. आईला काही वाचता येईना. सकाळ-संध्याकाळ तिच्या थंड पट्ट्या, दोन वेळा लाल भोपळ्याची पेज, आणि मध्ये मध्ये चष्मा लावून पाहणी. चौथ्या दिवशी दानबी रडायला लागली, तर आईने तिला रडण्याचीही बंदी केली. सूज वाढते म्हणून. त्या दिवसांत दोघी पहिल्यांदाच एकमेकींना चिठ्ठ्या लिहून बोलल्या. पंधराव्या दिवशी नाश्त्याला दानबीने विचारलं, मीठ कुठे आहे? आईने विचार न करता बरणी सरकवली आणि मग एकदम थांबून तिच्याकडे पाहिलं. वाचता आलं होतं.

दोन महिन्यांत घडी बसली. केंद्रात कुणाच्या लक्षातही आलं नाही. सुग्यॉंग ताईने एवढंच विचारलं, की तू चांगली झोपायला लागलीस का. चॉन आजोबांच्या सहामाही तपासणीला दानबीच गेली. डॉक्टर म्हणाले, गाठ तशीच आहे, वाढलेली नाही. तिने सांगितलं. आजोबांनी तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि खाली उतरल्यावर तिला आग्रहाने गरम काल्गुक्सु, म्हणजे शेवयांचं सूप, खाऊ घातलं. शेजाऱ्याकडून हत्यारं परत घेतलीत म्हणाले. पुतणीच्या घरात एक मांडणी करायची होती.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आई हट्टाने बरोबर आली. स्वतः शिवलेल्या रेशमी रुमालात तिने तांदळाच्या वड्या बांधून आणल्या होत्या. डॉक्टर योमनी पापण्या पाहिल्या, छान आहे म्हणाल्या. मग आई उठून उभी राहिली आणि बोलायला लागली. दुभाष्याने समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं, तसं दानबीने सुरू केलं.

"डॉक्टरीणबाई, मी बत्तीस-तेहतीस वर्षं एकच चेहरा वाचत आलेय. जगातलं जे जे मला कळलं, ते या चेहऱ्यातून. तो माझ्या हातून जाईल या भीतीने मी माझ्या लेकीला अडवत होते. तुम्ही तो..."

इथे दानबीचा आवाज थांबला. आईचे हात पुढे गेले होते. दानबीने त्यांना गाठून वाक्य पुरं केलं. "तुम्ही तो मला जसाच्या तसा परत दिलात, आणि तिला दिसायलाही लागलं. मी तुमची फार ऋणी आहे."

आईने डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची कड दोनदा टेकवली. ही आभाराची खूण; ती बोलून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर योम म्हणाल्या, "आई, उंची तुम्ही ठरवलीत. मी टाके घातले." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

आईचे हात मात्र अजून खाली आले नव्हते. तिने आणखी एक वाक्य केलं. दानबी रुमालाची गाठ सोडायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? दानबी म्हणाली, काही नाही. आईने लेकीच्या दंडाला चिमटा घेतला आणि केंद्राचा नियम खुणांनी सुनावला: दुभाष्याने काहीही गाळायचं नाही.

"आई म्हणतेय," दानबी लालबुंद होऊन सांगू लागली, "डोळ्यांचं झालं. आता तुमच्या ओळखीत एखादा चांगला, न घोरणारा मुलगा असेल तर कळवा. अर्थात घोरला तरी मला ऐकू येणार नाही, तिचं ती बघेल."

डॉक्टर योम इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेर बसलेल्या दोघी-तिघी आत डोकावल्या.