सत्तव्वाचा पच्च रंग

“साखर पेठेतनं निरोप हाय, बाई. आज बी हिरवा,” मल्लप्पा म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून टाकलं. मल्लप्पा माझे कंपाउंडर. अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. लागोपाठ दहावा दिवस हिरवा. मी खुशीत होते.

साखरेची पेशंट आणि राहायला साखर पेठेत, यावर आमची थट्टा कधीच करून झाली होती. भूदेवी तिचं नाव. तेलुगू विणकरांची सून, सातवा महिना. इन्सुलिन येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि ते रोज टोचून घेणारी दुसरी गरोदर बाई मी सोलापुरात पाहिली नव्हती. तिचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या खेपेला तिने मला एकच विचारलं होतं, “बाई, हे जगंल का?” मी हो म्हणून बसले होते.

गरोदरपणात इन्सुलिनची गरज एका जागी राहत नाही. सुरुवातीला उलट्यांनी पोटात काही टिकत नाही, तेव्हा डोस कमी करावा लागतो. पुढे गरज चढत जाते, कधी दुप्पट होते. डोस कमी पडला तर बाळाला धोका, जास्त झाला तर आई घामाघूम होऊन बेशुद्ध पडते. रक्त तपासायची सोय माझ्याकडे नव्हती. सगळा भरवसा लघवीवर. टेस्ट ट्यूबमध्ये निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, विटकरी झालं तर विचारू नका.

ही परीक्षा भूदेवीची सासू सत्तव्वा घरीच करायची. बाटली घेऊन बाजारातून यायची तिला लाज वाटे. म्हणून सूत पोचवायला जाताना ती दवाखान्याच्या दारात थांबून मल्लप्पांना फक्त रंग सांगायची.

पुस्तक म्हणत होतं गरज वाढेल, आणि भूदेवीची तर वाढत नव्हती. त्याचं सगळं श्रेय मी माझ्या पथ्याच्या कागदाला देऊन टाकलं होतं.

अकराव्या दिवशी सासूसुना तपासणीला आल्या. भूदेवीचे गाल बसले होते. माझ्यासमोर तिने तांब्याभर पाणी संपवलं आणि दुसरा मागितला. मी पोटावर नळी लावली. बाळाचे ठोके नीट लागले. हिरव्या रंगाची बाई इतकं पाणी पीत नाही. मी सत्तव्वाला तिथेच टेस्ट करायला बसवलं. तिने थेंब बरोबर मोजले, बरोबर उकळलं. ट्यूबमध्ये पिठल्यासारखा पिवळा रंग आला.

“हा कोणता रंग, सत्तव्वा?”

“पच्च.”

“बगा की बाई, हिरवा म्हनत्यात,” मल्लप्पा मागून म्हणाले.

“मल्लप्पा, डोळे उघडा. हा हिरवा आहे?”

मल्लप्पांनी ट्यूब खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग हळूच म्हणाले, “आमच्या कानडीत पच्चे म्हंजे हिरवा. पाचूचा रंग.”

मी सत्तव्वाला तिच्या हातातली हिरवी बांगडी दाखवली. “आणि ही?”

“ती बी पच्चच की. ती पानाची पच्च, ही हळदीची पच्च.” मग तिला राग आला. “आमच्या घरात सूत रंगवत्यात, बाई. मला रंग शिकवू नगा.”

तिच्या तेलुगूत हिरवा आणि पिवळा, दोन्ही पच्चच. दहा दिवस ती पिवळा सांगत होती आणि आम्ही हिरवा लिहीत होतो. मी त्याच दिवशी डोस वाढवला. सकाळ-संध्याकाळ दहा युनिटचे बारा, मग सोळा, असं करत नवव्या महिन्यात चोवीसवर गेलो. रंगाचा तोडगा सत्तव्वाचाच. दुसऱ्या दिवसापासून ती ट्यूबशी जुळणारा सुताचा धागा आणून द्यायची, मल्लप्पा तो वहीत चिकटवायचे. पिवळे धागे हिरवट होत गेले.

बाळंतपण अवघड गेलं. मूल अंगाने मोठं होतं, खांदे अडले. शेवटी मुलगी बाहेर आली, निळीसावळी आणि गप्प. मी पाठ चोळत राहिले. मग ती रडली, आणि खोटं कशाला सांगू, तिच्यामागोमाग मीही रडले. वार पडली की इन्सुलिनची गरज धाडकन उतरते, म्हणून डोळे पुसत पुसत चोवीसचे आठ केले.

मल्लप्पा पुढे कित्येक महिने ओशाळलेले होते. पण चूक त्यांची नव्हती. पुस्तकाशी न जुळणारा रिपोर्ट दहा दिवस येत होता आणि मी एकदाही सत्तव्वाला समोर बसवलं नाही, कारण तो रिपोर्ट मला आवडला होता. तेव्हापासून वाईट रिपोर्ट मी एकदा तपासते. चांगला दोनदा.