आधी कोण होता?

हे किस्से मी जमवले नाहीत हो, साचलेत! नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलच्या ऑफिसात आम्ही तिघं एका टेबलावर जेवायचो. मी पिंपरीचा बौद्ध, सुशील बिस्वास नदियाचा बंगाली ख्रिश्चन आणि मारिया मुर्मू झारखंडातल्या दुमक्याकडची संथाळ ख्रिश्चन. लॉकडाऊन लागला, टेबल व्हिडिओ कॉलवर गेलं. लोकांचे प्रश्न मात्र तेच!

*

दिल्लीचा एक नवा सहकारी सुशीलला म्हणाला, "बिस्वास आणि ख्रिश्चन? कन्व्हर्ट कधी झालास?"

"पणजोबा झाले," सुशील म्हणाला. "मला बोलवायचं राहून गेलं."

मी हसलो, पण पोटभर नाही. "आधी कोण होता?" हे मीही आयुष्यभर ऐकत आलोय. कंटाळा येतो राव!

*

नाताळात सुशीलने गावाकडचं कीर्तन लाइव्ह लावलं. मृदंग, टाळ आणि येशूचं नाव! कॉलवर तोच दिल्लीवाला डोकावला. त्याने भक्तिभावाने हात जोडले.

"वा! आज एकादशी का?"

सुशीलने त्याला म्यूट केलं.

*

मारियाची डच शेजारीण दीड मीटरवरून तिला समजावत होती, "आज आमचा सण. येशू नावाचं बाळ जन्मलं, बरं का." मारियाने गोठ्यापासून ताऱ्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं.

"अगं, सांगायचं ना तिला!" मी म्हणालो.

"किती जणांना सांगू, दादा? आज कुणीतरी काही न विचारता नुसती गोष्ट सांगत होतं. ऐकली."

*

मग मारियाचे बाबा गेले. कोविडनेच. विमानं बंद. थोरली लेक असून तिला बापाला शेवटचं बघायलाही जाता येईना. दफन व्हिडिओ कॉलवर झालं. मी आणि सुशील आपापल्या घरून हजर. तिच्या घरात रीत अशी की प्रत्येकाने कबरीत मूठभर माती टाकायची. सगळ्यांची टाकून झाली. काकांनी फोन कबरीवर धरला आणि संथाळीत काहीतरी म्हणाले. ते तिने आम्हाला नंतर सांगितलं: "मारिया, तुझी राहिली."

मारिया उठली. खिडकीतल्या कोथिंबिरीच्या कुंडीतली ओली माती मुठीत घेतली आणि लॅपटॉपवर टाकली.

मारियाचा कॉल तुटला.

लॅपटॉप कंपनीचा होता आणि असे बिघाड नोंदवणं हे माझं काम. फॉर्मातला एक रकाना सक्तीचा असतो: बिघाड कशामुळे झाला?

मी लिहिलं, "वडिलांना माती दिली."