करंगळीएवढं चिलखत: सोलापूर ते नगर

साचा एकच निघणार होता. आमच्या भवानी पेठेतले नरसय्याअण्णा प्लास्टिकचे साचे पाडतात. त्यांनी आम्हा हौशी म्हाताऱ्यांना सुटे भाग जोडून करायच्या छोट्या रणगाड्याचा साचा करून द्यायचं कबूल केलं. एक म्हणजे एकच! मला हवा होता पॅटन. धिप्पाड, नावाजलेला, पोरं उड्या टाकतील असा. कांबळे तात्यांना हवा होता पाण्यात तरंगणारा पीटी-७६, एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी स्वतः चालवलेला. वाद मिटेना, तेव्हा अण्णा म्हणाले, "नगरच्या संग्रहालयात दोन्ही बघून या, मग भांडा."

सकाळच्या एसटीने निघालो. टेंभुर्णी, करमाळामार्गे पाच-साडेपाच तास धरा. आधार कार्ड विसरू नका. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या तात्यांना तिकीट नाही, मला अर्धं. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

करमाळ्याला चहा घेताना मी डिवचलं, "तात्या, तुमचं ते बेडूक घेणार कोण? आणि लोखंडाच्या पेटीत बसून लढायचं, त्यात कसली हो भीती?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! तात्यांनी कप खाली ठेवला.

"मैंदर्गीची शांताक्का बी असंच म्हणती. तिचा भाऊ माज्या मागं बसायचा, तोफंत गोळे भरायला. गोळी लागून गेला. ती म्हणती, लोखंडात बसलेल्याला गोळी लागंलच कशी? तूच त्याला बाहीर धाडलं आसशील."

"अजून म्हणतात?"

"व्हय की. च्या देती, पर इचारतीच."

मी चहाचे पैसे दिले आणि एसटीत खिडकीची जागा तात्यांना सोडली. 

नगरला रिक्षावाल्याला रणगाड्यांचं संग्रहालय म्हटलं की पुरे. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, लोखंड भाजतं. पॅटन म्हणजे भिंतच. मी मान वर करून बघत होतो, तेवढ्यात तात्यांची हाक आली, "मिस्त्री, हिकडं या."

पॅटनपुढं पीटी-७६ वासरासारखा. तात्यांनी माजी सैनिकाचं कार्ड दाखवलं, तशी राखणदाराने हात लावायची परवानगी दिली. तात्यांनी रणगाड्याच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, टकटक केलं.

"किती जाड आसंल?"

"चार बोटं?"

तात्यांनी करंगळी वर केली.

"एवढंच?"

"येवढंच. मोठ्या मशीनगनची गोळी ह्यातनं आरपार जाती, आन् हितं शांताक्काचा भाऊ बसायचा."

 चाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले, लोखंड ओळखतो म्हणून मिरवलो! तिथेच हिशेब केला. पस्तीसपट लहान केलं तर ही भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. अण्णांची अट होती, साच्यातली भिंत दीड मिलिमीटरपेक्षा पातळ नको. म्हणजे त्या मापात आमचं प्लास्टिक खऱ्या चिलखताच्या साडेतीनपट जाड. तसला रणगाडा शांताक्कांच्या हातात दिला असता, तर त्यांचाच संशय पक्का झाला असता.

पॅटनचं खूळ नगरलाच सोडलं. सोलापुरात अण्णा ओरडले, "अर्धा मिलिमीटर? बोट लागलं की तडकेल!" शेवटी ठरलं, साचा पीटी-७६ चाच, पण कुशीचे तुकडे मी पातळ प्लास्टिकमधून हाताने कापायचे.

साचा तयार झाल्यावर पहिला रणगाडा आमच्या ओट्यावर जोडला. चिकटवताना माझ्याच अंगठ्याखाली कूस फुटली.  दुसरा तुकडा कापायला कात्री उचलली, तर तात्यांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या मिस्त्री. ह्योच न्यायचा शांताक्काकडं."