बिनअस्तराच्या ब्लाऊजचा दर

दर महिन्याला ठरलेल्या दुकानात जाऊन ठरलेल्या वस्तूचा भाव विचारायचा आणि टॅबवर भरायचा, ही माझी नोकरी. राज्यात महागाई किती वाढली हे मुंबईतून सांगतात, त्या आकड्याचं एक टोक माझ्या स्कूटरच्या डिकीत असतं. रोजगार आणि कर मोजायला दुसरी माणसं आहेत. माझ्या वाट्याला तूरडाळ, खोबरेल, हजामत आणि औंधच्या एका टेलरकडची बिनअस्तराच्या साध्या ब्लाऊजची शिलाई आली.

त्या टेलरना सगळं गाव चाचा म्हणतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच अडवलं. "ताई, तुमाला शिवायचं न्हाई, नुसतंच इचारायचं. मग आमी सांगायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण मी साताऱ्याची, चार बढाया मारल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "चाचा, तुम्ही सांगाल त्यावर राज्याची महागाई ठरते!"

चाचांनी चष्मा पुसला. मग माझ्यासाठी खुर्ची पुसली. तेव्हापासून दर महिन्याला चहा ठरलेला आणि दरही ठरलेला.

"दीडशे. लिवा."

दोन वर्षं झाली. डाळ चढली, तेल चढून उतरून पुन्हा चढलं, हजामतसुद्धा महागली. चाचांचे दीडशे मात्र ढिम्म हलेनात. साहेबांनी एकदा विचारलं, "बाई, औंधचे आकडे घरी बसून भरता का?" मी भडकले. "स्वतः जाऊन बघा," म्हणून सांगितलं आणि आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग एका शुक्रवारी चाचा नमाजाला गेले होते आणि दुकानात चाची हुक लावत बसल्या होत्या. मी दर विचारला मात्र, त्यांचा बांध फुटला.

"आवं ताई, शेजारचा अडीचशे घेतोय! दोरा महाग, हुक महाग. मशिनीची मोटर जळून तीन म्हयनं झालं, नवी घ्यायला पैसं न्हाईत. ह्ये पायानं चालवत्यात, गुडघं सुजल्यात. वाढवा म्हणलं, तर म्हणत्यात, आपुन वाढवलं की समद्या राज्याला म्हागाई हुतीया!"

मला हसू फुटलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तिथंच जिरलं. लाज वाटली.

आमचा नियम असा, की भाव विचारायचा, सुचवायचा नाही. मी नियम गुंडाळून ठेवला आणि चाचा येईपर्यंत बसून राहिले.

"चाचा, मी थाप मारली होती," मी म्हटलं. "अशी दुकानं ढिगानं आहेत. त्यात तुमचा ब्लाऊज म्हणजे पोत्यातला एक दाणा. तुम्ही दर वाढवलात तरी राज्याला पत्ता लागायचा नाही."

मला वाटलं होतं, ऐकून त्यांना हायसं वाटेल. त्यांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली.

"म्हंजे दोन वर्सं आमी म्हागाई उगंच धरून ठिवली व्हय?"

माझ्या एका बढाईची किंमत त्यांच्या गुडघ्यांनी मोजली होती.

पुढच्या महिन्यात भीतभीतच गेले. मशीनला उसनवारीवर आणलेली जुनी मोटर बसली होती. चहा आला.

"दोनशे. लिवा."

शेजाऱ्यापेक्षा अजून पन्नास कमीच. चाचींनी कपाळाला हात लावला.

दर बदलला की टॅब कारण विचारतो. मी 'दोरा, हुक महाग' असं भरायला लागले, तर चाचा चष्मा सावरत वाकले. "ताई, त्ये तर समदेच सांगत्याल. आमचं येगळं लिवा. एक दाणा का असंना, पर दोन वर्सं दाबून धरला हुता."

त्या रकान्यात मोजकीच अक्षरं मावतात. मी दोरा खोडला, हुक खोडले. 'दोन वर्षं धरून ठेवला होता' एवढं बसलं, आणि मी ते तसंच पाठवून दिलं.