घोंगडी परत द्यायला डोंगरात

"ती घोंगडी नदीत सोडून दे," असं मी माझ्या धाकट्या जावेला, सुनंदाला, वर्षभर सांगत होते. त्याच घोंगडीत गुंडाळून तिच्या निखिलला डोंगरातून खाली आणलं होतं. अशी वस्तू घरात ठेवत नाहीत, मीही ते मानते. निखिल विमान चालवायला शिकत होता. दोन माणसांचं छोटं विमान. ढग एकदम खाली उतरले, कडा दिसलाच नाही. तो आणि त्याचे शिकवणारे सर, दोघेही गेले.

वर्षश्राद्ध झालं आणि सुनंदा म्हणाली, "अक्का, घोंगडी ज्याची त्याला परत द्यायचीय. येता का?"

एकटीला कसं सोडणार? पण मेल्या माणसाची घोंगडी कोण परत घेईल? म्हणून मी बाजारातून एक सोलापुरी चादर घेतली.

सोलापूरहून सकाळच्या एसटीने सातारा. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे एकीच्या पैशात दोघी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घरची, माळशिरसला फक्त चहा. सुनंदाने पिशवी मांडीवरून हलवली नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर ठेवा की, कोण नेतंय?" ती नुसती मान हलवून बसली. साताऱ्यात एका मठात मुक्काम केला. सतरंजी मिळते, पांघरूण आपलं न्यावं.

दुसऱ्या दिवशी जीप. चालवणारा मारुती अपघाताच्या दिवशी दोघांना आणायला डोंगरात गेलेल्यांपैकीच निघाला. रस्ता संपल्यावर तोही आमच्यासोबत चालत आला. दीड तासाची चढण आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. पावसाळा सरत आला होता तरी धुकं असं की पुढची सुनंदा दिसेना.

"या वाटेने आणलं त्यांना?" मी विचारलं.

"ही वाट तरी हाय, मावशी. वर तितं वाटच न्हाय. धा-बारा जण हुतो, पाय घसरत हुते. पोरांस्नी खाली टेकवू नगा म्हनल्या बायका. मग न्हाय टेकवलं."

मी तिथेच उभी राहिले. मला तर रिकाम्या हातानेही चढवत नव्हतं.

मारुतीने आम्हाला वरच्या वस्तीत हौसाबाईंच्या घरी नेलं; घोंगडी त्यांची. सुनंदाने ती दारातच काढली. "धुतलीय. चालणार नाही तुम्हाला, कळतं मला, पण..."

हौसाबाईंनी काठ चाचपला, आपली लाल दोऱ्याची शिवण ओळखली. "माझीच की!" आणि सरळ अंगावर घेतली. "गारठा लई हाय."

"अहो, त्यात..." माझ्या तोंडून निघालंच.

"त्यात पोरगं निजलं हुतं. त्येच्या तोंडावर पाऊस पडत हुता, म्हून मीच पांघरली." मग सुनंदाकडे वळून, "उभी काय ऱ्हायलीस? ये." घोंगडीचं एक टोक उघडून त्यांनी तिला आत ओढलं. वर्षभर न रडलेली सुनंदा तिथे रडली.

जेवायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. पैशाचं नाव काढलं तर मारुती रागावला. जीपचेही घेतले नाहीत. चादर पुढे केली तशी हौसाबाई हसल्या, "सोलापूरची व्हय? लई देखणी. पन हितल्या पावसाला न्हाय पुरायची. पोराच्या आयला द्या."

परतीच्या गाडीत सुनंदाने ती चादर पांघरली. "अक्का, सरका जवळ," म्हणत अर्धी माझ्यावर टाकली.

सोवळंओवळं मी अजून पाळते. देवापुढे दिवा लावताना मात्र घरच्यांच्या नावांत आता हौसाबाई आणि मारुतीही असतात.

परवा शेजारणीने विचारलं, "सोडली का शेवटी ती घोंगडी नदीत?"

सुनंदा म्हणाली, "नाही. वापरात आहे."