हळदकुंकू लावलेला टॅब

कुंडलिकअण्णा गेल्याचा निरोप मला त्यांच्याच टॅबवरून आला. सकाळी सातला फोन वाजला, बघते तर नाव अण्णांचं. मनात म्हटलं, आली बाई तक्रार! निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ‘अक्षर बारीक झालंय’, ‘मधेच जाहिरात येतीय’ असलं काहीबाही हा माणूस मला सकाळी सकाळी कळवायचा. चहाचा कप हातात धरूनच मेसेज उघडला. त्यांच्या सुनेनं लिहिलं होतं, ‘अण्णा पहाटे झोपेतच गेले. दहा वाजता निघोज्याला या.’ कप तसाच ओट्यावर ठेवला आणि निगडीहून निघाले. वाटेत रडू यायला हवं होतं, पण आठवत होतं ते सगळं हसवणारंच... त्याला मी तरी काय करू?

कुंडलिक गव्हाणे म्हणजे आमच्या चाकणच्या कंपनीतले तपासणीचे सर्वांत जुने गडी. त्यांच्या भावकीची जमीन कारखान्यांत गेली आणि त्याच बांधाजवळ त्यांना नोकरी लागली. मी परभणीहून डिप्लोमा करून आलेली, जिभेला हाड नसलेली पोरगी. तयार झालेल्या शाफ्टचं माप अण्णा घ्यायचे आणि पेन्सिलीनं कागदावर लिहायचे. ते तेलकट कागद संध्याकाळी माझ्या टेबलावर यायचे आणि मी डोळे फोडून ते संगणकात भरायचे. याला कंटाळून वीसेक वर्षांपूर्वी मी साहेबांच्या मागे भुणभुण लावली आणि पाच टॅब्लेट मागवून घेतले. जागच्या जागी माप लिहायचं, कागद बंद. केवढा रुबाब होता माझा त्या आठवड्यात!

आजच्या पोरांना ते यंत्र दाखवलं तर म्हणतील, मॅडम, ही फरशी कुठून उचलून आणलीत? पोळपाटाएवढं जाड. डाव्या हातावर धरून उभं राहिलं की पंधरा मिनिटांत खांदा भरून यायचा. आत चक्क पंखा होता, तो घरघरायचा आणि धरणाऱ्याचं पोट भाजायचं. चालू करून चहाला जायचं, परत येईपर्यंत ते जागं झालेलं असलं तर आपलं नशीब. जेवणाच्या सुट्टीआधी बॅटरी मान टाकायची. बोटाला तर ओळखच द्यायचं नाही, त्याला त्याचं स्वतःचं खास पेन लागायचं. त्यात अण्णांचे आकडे मराठी वळणाचे. त्यांनी एक काढला की ते नऊ वाचायचं. “आरं, एक हाय त्यो! शाळंत गेलतास का न्हाई?” असं अण्णा त्याला दरडावायचे आणि पुन्हा गिरवायचे. बाकीचे लांबून ओरडायचे, “अण्णा, पाटीवर काय बाराखडी काढताय राव?” पण अण्णांनी ते खाली ठेवलं नाही. पोरीनं एवढ्या हौसेनं आणलंय, हे एकच कारण.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे मशीन बंद असतात. सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. मी रजा घेऊन परभणीला गेले होते. जाण्याआधी मीटिंगमध्ये मोठ्या तोऱ्यात बोलून गेले होते, “हे कंपनीचं म्हणून वापरू नका, तुमचं हत्यार आहे असं समजा.” झालं! अण्णांनी शब्द उचलला. पाचही टॅब्लेट सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं घासून स्वच्छ केले, पाटावर मांडले, पडद्याच्या मधोमध हळदकुंकवाची बोटं ओढली आणि वर नारळ फोडून ते पाणी पाचांवर शिंपडलं. पंख्याच्या जाळीतून अक्षताही आत गेल्या. मी आले तेव्हा पाचांतले तीन कायमचे गेले होते.

साहेब माझ्यावर उखडले. अण्णा पुढे होऊन म्हणाले, “धुतलं म्या. हिला ठावंबी न्हवतं.” त्यांना लेखी समज मिळाली, माझी योजना गुंडाळली गेली आणि माझी बदली डिस्पॅचला झाली. पुढे कित्येक महिने मी अण्णांशी बोलले नाही. ते रोज गेटवर विचारायचे, “काय म्याडम, बरं हाय ना?” मी मान फिरवून पुढे. एकदा कँटीनमध्ये मात्र माझा तोल सुटला. भरल्या ताटावरून त्यांना विचारलं, “अण्णा, त्या दिवशी अक्कल कुठं चरायला सोडली होती?” अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, “तूच म्हणलीस न्हवं, तुमचं हत्यार हाय? आमी हत्यार धुतो. ज्ये धुता येत न्हाई त्ये हत्यार कसलं, पोरी? त्यो पाव्हणा. त्याला आपनच सांभाळायचं, त्याचा आपल्याला उपेग न्हाई.” मला इतकं हसू आलं की ठसका लागला. पाण्याचा ग्लास त्यांनीच पुढे केला.

मधे बरीच वर्षं गेली. मी पुन्हा माझ्या जागी आले आणि अण्णांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष उरलं असताना कंपनीनं नवे टॅब आणले. जबाबदारी पुन्हा माझीच. पहिल्या वेळचं हसं अजून लोक विसरले नव्हते. अण्णांना तेवढं सांगून ठेवलं होतं, “या वेळी फसलं तर मी राजीनामा देणार. दुसऱ्यांदा तोंड दाखवायची माझी हिंमत नाही.” टॅब मात्र दृष्ट लागण्यासारखे होते. वहीएवढे हलके, बोट लावताच जागे होणारे, पूर्ण शिफ्ट चालणारे, मराठी येणारे. आणि तरी तिसऱ्या दिवशी बघते तर काय, मशीनवर कागद-पेन्सिल परत! मी कपाळाला हात लावला. दोन दिवस अण्णा नुसते बघत फिरले आणि मग माझ्याकडे आले. “हातात मोजं असत्यात, पोरी. ह्याला उघडं बोट लागतंय. परतेक मापाला मोजा काढायचा, बोट पुसायचं, पुन्ना मोजा घालायचा... कोन करंल? जुनं ठोंब्या व्हतं, पर त्याला पेन व्हतं. मोज्यातबी चालायचं.” पंधरा वर्षं ज्या यंत्राच्या नावानं मी बोटं मोडली, त्याच्याकडे एक शहाणपण होतं आणि ते फक्त अण्णांनी लक्षात ठेवलं होतं. रबरी टोकाची जाड पेनं मागवली. अण्णांनी स्वतः दोरी ओवून प्रत्येक मशीनला एक टांगलं. आठवडाभरात कागद गेले.

पण खंडेनवमी पुन्हा आलीच. मी आदल्या दिवशीच सगळे टॅब कपाटात कोंडले आणि किल्ली पर्समध्ये. सकाळी अण्णा धुतलेला सदरा घालून समोर उभे. “किल्ली दे.” मी म्हटलं, “अण्णा, पाया पडते, नको.” ते हसले नाहीत. “कुलपात ठिवलं तर ती तुजीच ऱ्हातील. मग उद्या वापरायला आमाला सांगू नको.” मागे सगळी लाइन उभी होती. पर्स उघडली आणि किल्ली दिली.

अण्णांनी या वेळी कोरडं फडकं घेतलं. नारळ पार दाराशी फोडला. हळदकुंकू टॅबच्या पाठीवर लावलं. मी श्वास सोडते न सोडते तोच लातूरकडचा दत्ता नावाचा ऑपरेटर पुढे आला आणि भक्तिभावानं कुंकवाचं बोट थेट पडद्यावर टेकवलं. जुनं असतं तर त्याला पत्ताही लागला नसता. पण हे बोटाचं ऐकणारं! पडदा लाल झाला आणि त्यावर अक्षरं आली : ‘पूर्ण लॉट नापास’. म्हणजे आदल्या दिवशी तपासलेला सगळा माल रद्द! दत्तानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पडदा बाहीनं पुसला, दोरीचं पेन धरलं आणि मला काहीही न विचारता नोंद उघडून लॉट पुन्हा पास केला. यंत्रानं दुरुस्तीचं कारण विचारलं. पठ्ठ्यानं लिहिलं, ‘हळदकुंकू’.

असा हशा त्या शेडमध्ये मी पुन्हा ऐकला नाही. अण्णा स्टुलावर बसून डोळे पुसत होते आणि मला म्हणत होते, “राजीनामा फाड आता!” त्यांच्या निरोपसमारंभाला आम्ही त्यांना टॅबच दिला आणि त्यानंतर माझ्या सकाळी कशा जात होत्या ते वर सांगितलंच आहे. आता सात वाजता फोन वाजत नाही. सवय मोडायला फार जड जातंय, खरं सांगते.

मागच्या आठवड्यात आणखी नव्या जातीचा टॅब घेऊन एक गृहस्थ कंपनीत आले होते. बोलता बोलता म्हणाले, “मॅडम, हा नळाखाली धुतला तरी काही होत नाही.” मी त्यांना तिथेच थांबवलं. टॅब उचलला, हात धुवायच्या नळापाशी गेले आणि पाणी सोडलं. पुढून, मागून, कडांनी, चांगला चोळून धुतला. पडदा चालूच होता. दत्ता कोरडं फडकं घेऊन धावत आला. म्हणाला, “मॅडम, खंडेनवमीला अजून लई वेळ हाय की.”

“असू दे,” मी म्हटलं. “अण्णांचं हत्यार आलंय.”