रंगीत अंगठ्यांची मतं

पिवळ्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, पण ते हजेरी घेणाऱ्यालाही चटकन आठवत नसे. सव्वीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात पिवळ्या रंगाच्या टाकीवर काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार! नखं पिवळी, टाचा पिवळ्या. त्या टाकीवर दोघंच, तो आणि त्याची बायको. लाल, निळ्या, हिरव्या टाक्यांवर बाकीची मंडळी. युनियन मात्र सगळ्यांची एकच, आणि तिच्यावर पिवळ्याचा इतका जीव की बायको म्हणे, माझी सवत रोज संध्याकाळी ऑफिस उघडून बसते.

त्या वर्षी युनियनने नगरपालिकेच्या निवडणुकीत आपला सेक्रेटरी उभा केला. समोर कोण, तर कारखान्याचा स्टोअर मॅनेजर. पिवळ्याने दोन महिने घरं पालथी घातली. मतदान कामाच्या दिवशी होतं. घरी गेलेला माणूस एकदा लवंडला की उठत नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने फर्मान काढलं, की पाळी सुटली की हातसुद्धा न धुता थेट मतदानाच्या रांगेत. सगळ्यांनी निमूट ऐकलं.

मोजणीला तो सेक्रेटरीचा प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसला. पेट्या उघडल्या आणि पांढऱ्या मतपत्रिकांवर लाल, निळे, हिरवे अंगठे दिसू लागले. मॅनेजरच्या प्रतिनिधीने लगेच हरकत घेतली, खूण असलेलं मत बाद करा म्हणून. अधिकाऱ्याने तशी दोनशे दहा मतं बाजूला काढून बाकीची आधी मोजली. सेक्रेटरी साठ मतांनी पुढे. शहाण्या माणसाने इथे तोंडाला कुलूप घालावं. पण आपल्या माणसांची मतं कचऱ्यात जाणार म्हटल्यावर पिवळ्याचं डोकं फिरलं.

“साहेब, ही खूण नाही, हे आमचे हात आहेत,” तो उभा राहून म्हणाला. “पाळी सुटून थेट रांगेत आले, हाताचा रंग कागदाला लागला. काम करणाऱ्याचे हात म्हणून मत बाद?”

अधिकारी बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत राहिला आणि शेवटी म्हणाला, मोजा. पिवळ्याची छाती फुगली.

पहिला लाल अंगठा मॅनेजरला. हिरवा मॅनेजरला. पुन्हा लाल, तोही मॅनेजरला. कारकून चुकीच्या गठ्ठ्यात टाकतोय, असं पिवळ्या ओरडला, तेव्हा कारकुनाने शिक्का त्याच्या डोळ्यांपुढे धरला. मॅनेजरला एकशे एकोणचाळीस, सेक्रेटरीला एकाहत्तर. आठ मतांनी जागा गेली. मॅनेजरचा प्रतिनिधीसुद्धा आ वासून बघत होता.

पिवळ्याच्या पायाखालची जमीन सरकली ती मात्र वेगळ्याच कारणाने. पिवळे अंगठे दोनच निघाले होते. एक सेक्रेटरीच्या मतावर, तो त्याचा स्वतःचा. दुसरा मॅनेजरच्या.

दुपारी तो घरी आला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वाटेत त्याने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, पण दारात आल्यावर आपल्या टाकीचं एक मत तिकडे गेलं, एवढंच त्याला बोलता आलं. तिने नाकारलं नाही.

“आमच्या टाक्यांवर वाफ कोंडते, पंखा बसवा, म्हणून सहा वर्षं मी सेक्रेटरींच्या मागे लागलेय,” ती म्हणाली. “त्यांना उभं करायचं ठरलं त्या सभेत हेच सांगणार होते. तुम्ही हसत हसत आलात आणि माझं मनगट धरून हात वर केलात. मत देताना पडद्यामागे मी एकटीच होते.”

पिवळ्या कपड्यांच्या घड्यांशेजारी बसला. त्या सभेत तो रांगारांगांतून थट्टा करत फिरला होता, गप्प बसलेल्यांचे हात धरून वर करत. कोणाकोणाचे, ते तो आता एकेक आठवू लागला. आधी लाल टाकीवरचे, मग हिरव्या. तिसाच्या पुढे त्याला मोजवेना.